आद्य ख्रिस्तमंडळी आणि पंक्तीचा प्रश्न

मराठी ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यांत ‘मंडळी’ हा शब्द वारंवार येतो. इतरांच्या मराठींत मंडळी म्हणजे घरांतलीं माणसें, जमलेले लोक. जुन्या वळणाच्या संकोची गृहस्थाच्या तोंडीं तर ‘आमची मंडळी’ म्हणजे त्याची पत्नीच. ख्रिस्ती मराठींत मात्र मंडळी म्हणजे चर्च. ज्या मूळ ग्रीक शब्दासाठीं हा शब्द योजला आहे, तो ‘एक्लेसिया’ हा शब्द ग्रीक लोक नगराच्या कारभारासाठीं बोलाविलेल्या नागरिकांच्या सभेला लावीत. त्यांत भिंत नाहीं, शिखर नाहीं, घंटा नाहीं. केवळ एकत्र आलेलीं माणसें आहेत. चर्च म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें दगडी इमारत उभी राहते. मंडळी म्हटलें म्हणजे घरांत बसलेलीं माणसें दिसतात. आणि पहिल्या दोन-अडीच शतकांचा इतिहास पाहतां मराठी शब्दानें उभें केलेलें चित्रच अधिक खरें आहे असें म्हणावें लागतें.

या विषयाकडे आमचें लक्ष वळण्यास आमचें नागपूर शहरच कारण झालें. येथील सदर भागांत ऑल सेंट्स कॅथीड्रल नांवाचें जुनें ख्रिस्ती उपासनामंदिर आहे. तेथें २९ नोव्हेंबर १९७० रोजीं सहा ख्रिस्ती पंथांच्या प्रतिनिधींनीं एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’, म्हणजे उत्तर भारताची मंडळी, स्थापन केली. अँग्लिकन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स, आणि प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल लोकांची १९२४ पासून चालत आलेली संयुक्त मंडळी, असे ते सहा प्रवाह होते. यांतील बहुतेकांची फारकत युरोपांत व अमेरिकेंत, तेथील राजकारणांतून व तेथील वादांतून झालेली. ती मिटविण्याचा प्रसंग मात्र संत्र्यांच्या या गांवीं घडून आला. असा प्रसंग आला म्हणजे ‘आपण आद्य मंडळीकडे परत जाऊं’ हा उद्गार सहज निघतो. प्रत्येक धर्मांत तो निघतच असतो. कोणी वेदांकडे परत चला म्हणतो, कोणी मूळ संतांकडे. पण परत जावयाचें तें नेमकें कोठें, आणि तेथें गेल्यावर आपल्याला काय सांपडणार आहे, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकानें विचारलाच पाहिजे. आम्ही स्वतः या मंडळीचे सभासद नाहीं. इतिहासाचे एक अध्यापक आहों. तेव्हां आमच्या लिहिण्यांत उपदेशाचा अधिकार नाहीं. पण दूर उभें राहून पाहणाराला एखादी गोष्ट स्पष्ट दिसते, तेवढाच आधार आम्हांस पुरे आहे.

प्रथम त्या मंडळीचें बाह्य स्वरूप पाहूं. येशूच्या मृत्यूनंतर वीस-पंचवीस वर्षांनीं पौलानें जीं पत्रें लिहिलीं, तीं ख्रिस्ती वाङ्मयांतील सर्वांत जुनीं. रोम येथील लोकांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटीं तो नांवें घेऊन नमस्कार सांगतो, तो भाग धर्मशास्त्राच्या दृष्टीनें कोणी फारसा वाचीत नाहीं. इतिहासकाराला मात्र तो सोन्यासारखा आहे. त्यांत प्रिस्का व अक्विला या दांपत्याच्या घरीं जमणारी मंडळी आहे. हीं दोघें पौलाप्रमाणेंच तंबू करण्याचा धंदा करणारीं. फीबी नांवाची एक स्त्री आहे. करिंथजवळच्या बंदरांतील मंडळीची ती सेविका, आणि हें पत्र रोमला तिनेंच नेलें असें मानतात. नगराचा खजिनदार एरास्त आहे, आणि दासांना ठेवीत तशीं नांवें असलेले लोकहि आहेत. ही यादी एखाद्या राजदरबाराची नव्हे; कारागीर, व्यापारी, दास, स्त्रिया व एखाद-दुसरा अंमलदार यांची ती आहे. एरव्हीं त्या काळच्या रोमन समाजांत हीं माणसें एका बैठकीवर बसलीं नसतीं.

जमण्याची जागा म्हणजे कोणाचें तरी राहतें घर. ज्याचें काल निश्चित सांगतां येतें असें सर्वांत जुनें ख्रिस्ती सभागृह सीरियांत, युफ्रेटीस नदीच्या कांठीं, दुरा-युरोपस या उद्ध्वस्त शहरांत १९३० नंतरच्या उत्खननांत सांपडलें. तें एक साधें घर आहे. इ. स. २३०-२४० च्या सुमारास त्यांतील दोन खोल्यांमधली भिंत काढून एक मोठी खोली केली, आणि दुसऱ्या एका लहान खोलींत स्नानसंस्काराचें कुंड बांधलें. बाहेरून पाहणाराला तें शेजारच्या घरांसारखेंच दिसलें असतें. इ. स. २५६ च्या सुमारास इराणी सैन्यानें तें शहर घेतलें. आणि बचावासाठीं तटालगतचीं घरें मातीनें भरून टाकलीं होतीं, म्हणूनच त्या भिंतींवरचीं चित्रें आपल्यापर्यंत पोंचलीं.

हे लोक जमून करीत काय, याची बातमी एका परक्यानेंच लिहून ठेविली आहे. हल्लींच्या तुर्कस्तानाच्या उत्तर भागावर प्लिनी नांवाचा रोमन सुभेदार होता. त्यानें इ. स. ११२ च्या सुमारास सम्राट त्राजान यास लिहून विचारलें कीं या लोकांचें काय करावें. त्याच्या चौकशींत निष्पन्न झालें तें इतकेंच, कीं हे लोक ठरलेल्या दिवशीं पहांटे जमतात, ख्रिस्तास देव मानून स्तोत्र म्हणतात, चोरी, व्यभिचार व विश्वासघात न करण्याची शपथ घेतात, आणि मागाहून पुनः जमून साधेंच अन्न एकत्र खातात. अधिक खात्री करून घेण्यासाठीं त्यानें दोन दासींचे हाल केले. त्या दासी मंडळींत ‘सेविका’ या पदावर होत्या असें तो नोंदवितो. सुभेदाराच्या दृष्टीनें त्या साक्षीपुरावा काढण्याचीं साधनें. मंडळीच्या दृष्टीनें त्या अधिकारी. एकाच वाक्यांत दोन जगें समोरासमोर उभीं राहिलेलीं असें दुसरें स्थळ प्राचीन वाङ्मयांत आम्हांस तरी आठवत नाहीं.

येथपर्यंतचें चित्र पाहून कोणासहि वाटेल कीं तें सत्ययुग होतें, आणि पुढें सारी घसरण झाली. पण त्याच जुन्या ग्रंथांनीं हा समज खोटा ठरविला आहे. आद्य मंडळी भांडत होती, चांगली कडाक्यानें भांडत होती. आणि ज्या तीन भांडणांची हकीकत नव्या करारांत स्पष्ट राहिली आहे, तीं तिन्ही जेवणाचीं आहेत. ज्याला आपण पंक्तिभेद म्हणतों, तोच त्या तिन्हींचा विषय.

पहिलें भांडण यरुशलेमेंत झालें. तेथील मंडळी आपली मिळकत एकत्र करून गरजूंना रोजचें अन्न वाटीत असे. ग्रीक बोलणाऱ्या लोकांनीं तक्रार केली कीं वांटणींत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतें. स्थानिक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांना मात्र मिळतें. दोघेहि जातीनें यहूदीच. भेद भाषेचा व मूळ गांवाचा. परगांवाहून आलेल्या निराधार म्हाताऱ्यांचें पान अगोदर चुकतें, हें कोणत्याहि अन्नछत्रांत पाहावें. यावर प्रेषितांनीं तक्रार करणाऱ्यांना दटावलें नाहीं. सात माणसें निवडून वांटणीचें काम त्यांच्याकडे द्यावयास लाविलें. त्या सातांचीं नांवें दिलेलीं आहेत आणि तीं सातहि ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हातीं पळी दिली गेली असें दिसतें. संस्थेच्या कारभाराचा हा धडा दोन हजार वर्षांचा जुना असला तरी शिळा झालेला नाहीं.

दुसरें भांडण अधिक खोल गेलें. यहूदी नसलेले लोक मंडळींत येऊं लागले तेव्हां प्रश्न निघाला कीं ख्रिस्ताचें होण्यापूर्वीं त्यांनीं यहूदी झालें पाहिजे काय? सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध, सणवार, हें सारें त्यांच्यावर लादावयाचें काय? इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेमेंत याविषयीं सभा भरली आणि निर्णय झाला कीं तें ओझें त्यांच्यावर घालूं नये. मूर्तीपुढचें अन्न, रक्त व अनीति वर्ज्य करावी म्हणजे पुरे. कागदावर प्रश्न मिटला; पंक्तींत मिटला नाहीं. अंत्युखिया शहरांत पेत्र हा परजातीयांच्या पंक्तीस बसत असे; पण यरुशलेमेहून कांहीं सनातनी मंडळी आली तेव्हां तो हळूच वेगळा बसूं लागला, आणि त्याचें पाहून इतर यहूदी, पौलाचा सोबती बर्णबा सुद्धां, वेगळे झाले. पौलानें त्याला सर्वांदेखत तोंडावर दोष दिला. पेत्राचें मत बदललें नव्हतें; त्याला भीति वाटली होती. मताने सुधारक आणि पाहुणे आले म्हणजे सोंवळा, असा हा नमुना आपल्या समाजास अपरिचित नाहीं. प्रेषितांमध्यें अग्रगण्य मानलेल्या माणसाची ही फजिती त्याच धर्माच्या पवित्र ग्रंथांत जशीच्या तशी राहूं दिली, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

तिसरें भांडण करिंथ येथचें. तें जातीचें नव्हे, पैशाचें. मंडळी सायंकाळीं एखाद्या संपन्न सभासदाच्या घरीं जमे. ज्यांना काम नसे ते लवकर येऊन आपलें चांगलें अन्न खाऊन पिऊन तृप्त होत. दास व मजूर दिवसाचें काम आटोपून येईपर्यंत कांहीं उरत नसे. मग त्यांच्याबरोबर प्रभूच्या स्मरणाची भाकर मोडली जाई. पौलानें लिहिलें त्याचा आशय असा, कीं ज्याच्याजवळ कांहीं नाहीं त्याला तुम्ही लाजवितां; अशा जेवणाला प्रभूचें भोजन म्हणतां येत नाहीं. संस्कारांत मंत्राची चूक नव्हती, यजमानाच्या श्रद्धेची उणीव नव्हती. मागून येणारा उपाशी राहिला एवढ्यावरून तो संस्कारच बाद ठरला.

या तीन प्रसंगांवरून आमच्या मतें आद्य मंडळीचें खरें वैशिष्ट्य हातीं लागतें. ती निर्दोष होती असें नव्हे. आपल्या श्रद्धेची परीक्षा पंक्तींत होते हें तिनें कबूल केलें होतें, आणि पंक्तींत चूक झाली कीं ती धर्माचीच चूक समजली जात होती. यांतून दोन तत्त्वें निघालीं. एक, कीं येणाऱ्यानें आपला वंश, आपली भाषा, आपला पेहराव सोडून यावें अशी अट नाहीं. दुसरें, कीं असा भिन्नपणा घेऊन आलेल्यांनीं एका पंक्तीस बसलेंच पाहिजे. पहिलें तत्त्व सोडलें तर मंडळी एका जातीची होते. दुसरें सोडलें तर तिच्यांत अनेक जाती होतात. दोन्ही एकत्र सांभाळणें हें फार अवघड काम आहे, आणि म्हणूनच त्यावर इतकीं भांडणें झालीं.

पुढचा इतिहास थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. इ. स. ३१३ त सम्राट कॉन्स्टंटाइन यानें ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली; ३८० त थिओडोशिअसच्या फर्मानानें तो साम्राज्याचा धर्म झाला. मंडळी घरांतून सभामंडपांत गेली. भोजनाचा संस्कार जेवणापासून तर पूर्वींच वेगळा झाला होता. यांत सारें गमावलेंच असें म्हणणें अन्यायाचें होईल. जुन्या देवतांचा कैवार घेणारा सम्राट ज्युलियन यानें ३६२ च्या सुमारास आपल्या एका पुजाऱ्याला लिहिलें, कीं हे लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याहि गरिबांस पोसतात, आणि आपल्याला त्याची लाज वाटली पाहिजे. शत्रूनें दिलेलें याहून चांगलें प्रशस्तिपत्र कोणतें? परंतु दासाला व खजिनदाराला एका ताटाशीं बसविणारी ती लहान खोली मागें पडली, हेंहि खरेंच.

आतां महाराष्ट्राकडे वळूं. अंत्युखियांतला प्रश्न आमच्याकडे अठराशें वर्षांनीं जसाच्या तसा उभा राहिला. कारण पंक्ति म्हणजे काय हें समजावून सांगण्याची जरूरी नसलेला आमच्यासारखा समाज जगांत क्वचितच असेल. १८४३ त मुंबईस नारायण शेषाद्रि या ब्राह्मण तरुणानें बाप्तिस्मा घेतला. त्याचा अल्पवयी धाकटा भाऊ श्रीपति हाहि मिशनऱ्यांकडे राहिला होता. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता आणि न्यायालयानें त्याला बापाच्या स्वाधीन केलें. परंतु तो ख्रिस्ती लोकांबरोबर जेवला होता. तेवढ्यावरून त्याला जातींत परत घ्यावें कीं नाहीं यावर मुंबई दुभंगली. बाळशास्त्री जांभेकरांनीं प्रायश्चित्त देऊन त्याला शुद्ध करून घेण्याची बाजू उचलली आणि त्याबद्दल निंदा सोसली. पुढें १८९० त पुण्याच्या पंचहौद मिशनांत कांहीं प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानास गेली असतां त्यांच्यापुढें चहा-बिस्किटें आलीं. गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें छापवून आणलीं आणि न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य आलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें व प्रायश्चित्तें झालीं. आज आपण या पेलाभर चहाच्या वादळास हंसतों. पण त्या वेळच्या दोन्ही पक्षांना एक गोष्ट पक्की समजली होती, ती ही कीं मनुष्य काय मानतो यापेक्षां तो कोणाबरोबर खातो-पितो यानें त्याचा समाज ठरतो. पेत्राला भीति वाटली ती हीच.

हें झालें बाहेरच्या पंक्तीचें. आंतल्या पंक्तीचें काय? याचें उत्तर दुहेरी आहे आणि दोन्ही बाजू सांगितल्याच पाहिजेत. तोच नारायण शेषाद्रि पुढें जालन्याकडे गेला, मांग समाजांत राहून त्यानें काम केलें आणि जालन्याजवळ बेथेल नांवाचें ख्रिस्ती खेडें वसविलें. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांच्या घरीं आहेत, त्यांस त्यांचा पालट आठवत असेल. पतीनें १८९५ त बाप्तिस्मा घेतल्यावर त्या कित्येक वर्षें दूर राहिल्या. एकत्र आल्यावरहि आपलें सोंवळें व आपलें पाणी वेगळें ठेवीत राहिल्या. मग एके दिवशीं स्वतःच विचार करून त्यांनीं ठरविलें, कीं देवानें माणसें केलीं, जाती माणसांनीं केल्या. आणि कोणाच्याहि हातचें खाण्यापिण्यास त्यांनीं आरंभ केला. हें त्यांनीं बाप्तिस्म्याच्या आधीं केलें. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. म्हणजे त्या बाईंनीं अगोदर पंक्ति ओलांडली आणि मग उंबरठा.

दुसरी बाजू इतकी उजळ नाहीं. डॉ. आंबेडकरांचे जे लेख त्यांच्या पश्चात् प्रसिद्ध झाले, त्यांत अस्पृश्यांतून ख्रिस्ती झालेल्यांविषयीं एक निबंध आहे. धर्म बदलूनहि ख्रिस्ती समाजांत जात शिल्लक राहिली हें त्यांनीं तेथें कठोर शब्दांत दाखविलें आहे. हा आरोप खोडून काढणें इतिहासकारास शक्य नाहीं. गोव्यांत कित्येक गांवीं चर्चमधील बंधुसंघ जातीजातींचे वेगळे होते. खेड्यापाड्यांतून महार व मांग हा भेद एकाच प्रार्थनेस बसणाऱ्यांतहि टिकला, आणि लग्नें जुळवितांना पूर्वीची जात विचारण्याची रीत घराघरांत राहिली. भाकर एका ताटांतली, पण सोयरीक वेगळी. करिंथकरांना लिहिलेलें पत्र येथेंहि पोंचलें होतें. प्रत्येक रविवारीं वाचलेंहि गेलें असेल. पण पत्र पोंचणें आणि लागू पडणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

पंक्तीचें असें झालें. पहिल्या तत्त्वाचें, म्हणजे येणाऱ्यानें आपली भाषा व आपला संस्कार टाकून येऊं नये या निर्णयाचें, काय झालें? या बाबतींत आमच्याकडचा प्रारंभ मोठा दिमाखाचा आहे. जन्मानें इंग्रज असलेल्या फादर स्टीफन्स यांनीं मराठी ओवींत ‘क्रिस्तपुराण’ रचलें आणि तें १६१६ त गोव्यांत रायतूर येथें छापलें गेलें. परंतु धर्माबरोबर राज्यकर्त्यांचा वेष, नांव व चालीरीती येत गेल्या. आणि पुढें इंग्रजी अमदानींत ख्रिस्ती होणें म्हणजे साहेबी होणें, असें शेजाऱ्यांसच नव्हे तर पुष्कळदां खुद्द ख्रिस्त्यांसहि वाटूं लागलें. यरुशलेमच्या सभेनें जें ओझें उतरविलें होतें, त्याच्या जागीं दुसरें ओझें आलें, सुंतेऐवजीं पाटलोण.

ज्या माणसानें हें सर्वांत तीव्रतेनें ओळखलें, त्याच्या आयुष्याचें वळण नागपुरांतून निघतें, हें आम्हां नागपूरकरांस अभिमानानें सांगतां येईल. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) हे १८९१ च्या सुमारास येथें आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयास होते आणि ‘ऋषि’ नांवाचें हिंदुधर्मविषयक मासिक चालवीत होते. १८९३ त नागपूरहून राजनांदगांवास जातांना आगगाडीच्या डब्यांत एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांच्या हातीं नवा करार दिला. तेथून पुढची हकीकत सर्वश्रुत आहे. पण धर्म बदलल्यावर टिळकांनीं तुकारामाला सोडलें नाहीं. ख्रिस्ताची भक्ति त्यांनीं अभंगांतून, ओव्यांतून व पदांतून गाइली, आणि तीं पदें आजहि मराठी मंडळ्यांत टाळ-पेटीवर म्हटलीं जातात. १९१७ त त्यांनीं मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ या नांवाचा बंधुसंघ काढला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाहि ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. परकी संस्था, परका पैसा, परकी रीत यांवांचून, या मातींतल्या माणसांची, घरांतून व आश्रमांतून चालणारी मंडळी, हें त्यांचें स्वप्न. दोन वर्षांतच ते गेले आणि दरबार तसा उभा राहूं शकला नाहीं. तरी आद्य मंडळीच्या पहिल्या तत्त्वाचें मराठींतलें सर्वांत स्पष्ट विधान म्हणून त्या प्रयत्नाकडे पाहावें लागतें. यशापयशाचा हिशेब निराळा. प्रश्न त्यांनीं अचूक मांडला होता.

आतां प्रारंभीं सांगितलेल्या १९७० च्या प्रसंगाचा अर्थ अधिक उलगडतो. नागपुरास १८४५ त स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप आले, त्यांनीं शाळा काढल्या, गोंड लोकांच्या चालीरीती व येथील खडकांतील जीवाश्म यांचा अभ्यास केला आणि १८६३ त ते नदींत बुडून वारले. त्यांच्या नांवाचें कॉलेज १८८३ पासून या शहरांत आहे. त्यांनीं रुजविलेली मंडळी प्रेस्बिटेरियन झाली, अहमदनगरकडची काँग्रिगेशनल झाली, सदरमधली अँग्लिकन झाली. कां, तर तेथें प्रथम आलेला पाद्री त्या त्या पंथाचा होता म्हणून! स्कॉटलंडांतील मंडळी १८४३ त कोणत्या वादावरून फुटली याच्याशीं महालांतल्या वा कामठीच्या श्रद्धाळू माणसाला काय कर्तव्य? तरी त्याचा वारसा त्याच्या माथीं आलाच. तें ओझें येथल्या लोकांनीं येथेंच उतरविलें, ही १९७० ची कामगिरी. सर्व पंथ त्यांत आले नाहींत. रोमन कॅथोलिक तर त्या योजनेंत नव्हतेच. शिवाय एका घटनेवर सह्या झाल्या म्हणजे एक पंक्ति झाली असें होत नाहीं, हें अंत्युखियानें कधींच शिकवून ठेविलें आहे. तथापि पहिलें पाऊल टाकलें गेलें, हें निर्विवाद.

मग आजच्या श्रद्धावंताला आद्य मंडळीकडे परत जाण्याचा अर्थ काय? घरांत जमावें कीं मंदिरांत, पेटीवर गावें कीं ऑर्गनवर, पाद्र्यानें झगा घालावा कीं धोतर, या गोष्टी गौण आहेत. दुरा-युरोपस येथल्या त्या खोलीची नक्कल करून कोणी आद्य होत नाहीं. आमच्या समजुतीप्रमाणें तीन साधे प्रश्न विचारावे. ज्या विधवेला आपली भाषा नीट बोलतां येत नाहीं, तिचें पान चुकतें कीं काय? आपल्या गांवाहून वडीलधारी येतांच आपण कोणाच्या पंक्तींतून हळूच उठतों? आणि कामावरून उशिरा येणाऱ्यासाठीं कांहीं शिल्लक ठेवतों काय? या तीन प्रश्नांचीं उत्तरें ज्या मंडळीला निर्भयपणें देतां येतील, ती पहिल्या शतकांतली आहे. मग तिची इमारत कालची का असेना. आणि विवाहाच्या वेळीं वडिलांची जुनी जात काढणाऱ्या घराला पौलाचीं पत्रें मुखोद्गत असलीं, तरी तें घर त्या खोलीच्या बाहेरच आहे.

येथें एखादा चाणाक्ष वाचक म्हणेल कीं हे प्रश्न केवळ ख्रिस्त्यांनाच कशाला? खरें आहे, आम्हीहि तेंच मनांत धरून लिहीत होतों. १८६८ त जोतीराव फुल्यांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला, तेव्हां त्यांनीं हाच प्रश्न हिंदु समाजापुढें टाकला होता. आणि तो समाधानकारक सोडविला असें छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? पंक्तिभेद आज हॉटेलांत उरला नाहीं. परंतु स्वयंपाकघरांत कामास येणाऱ्या बाईचा कप कोठें ठेवलेला असतो, हें ज्याचें त्यानें पाहावें. दुसऱ्याच्या धर्माचा इतिहास वाचण्याचा खरा उपयोग हाच, कीं त्यांतील पेत्र आपल्याला आपल्याच घरांत दिसूं लागतो.

दुरा-युरोपस येथल्या त्या घराच्या भिंती मातीखालीं गेल्या, म्हणून टिकल्या. त्या खोलींत जमणाऱ्यांचीं नांवें आज बहुतेक कोणास ठाऊक नाहींत. पण त्यांनीं मधली भिंत काढून खोली मोठी केली होती, एवढें पुराणवस्तुशास्त्रानें निश्चित सांगितलें आहे. जागा पुरेना, तेव्हां त्यांनीं येणारांस परत न पाठवितां भिंत पाडली. आद्य मंडळीविषयीं याहून अधिक कांहीं सांगण्याची आम्हांस गरज वाटत नाहीं.